डावी बाजू राहिली

"अर्धंच वाढतेस हल्ली," न्हावी ताटाकडे बघून पुटपुटला. "म्हातारपणी काटकसर सुचली वाटतं."

बायकोने ताट धरून नुसतं फिरवलं. मघापासून त्याच्या डाव्या अंगाला असलेला भात उजवीकडे आला, तेव्हा कुठे त्याला दिसला.

"हा कुठून आला?"

"स्वयंपाकघरातून. जेवा."

महिन्यापूर्वी दुकानात त्याच्या हातून फणी गळून पडली होती. तोंड एका बाजूला ओघळलं, जीभ जड झाली. तिने त्याला बाकावर आडवं केलं, आणि थोड्या वेळाने तो आपणहून उठून बसला. "पित्त चढलं," तो म्हणाला. "ऊन तरी किती आहे," ती म्हणाली. लांब राहणारी लेक फोनवर म्हणाली, "बाबांच्या चष्म्याचा नंबर वाढला असेल." तिघांनी मिळून त्या गोष्टीला इतकी नावं दिली, की खरं नाव घ्यायला कोणी उरलंच नाही.

बाकी सगळं ठीक झालं. डावीकडचं जग तेवढं त्याच्याकडे परतलं नाही. गिऱ्हाइकाच्या उजव्या कानामागचे केस तो असे उतरवायचा की बघत राहावं. डाव्या बाजूला कात्री वळायचीच नाही. मग मागून आरसा धरून विचारायचा, "कसं काय?" "झकास," म्हणत गिऱ्हाईक उठायचं आणि समोरच्या नव्या सलूनमध्ये जाऊन राहिलेली बाजू कापून घ्यायचं. दुकानावरच्या घराच्या खिडकीतून तिला सगळं दिसे. वर्षानुवर्षांची माणसं, त्याचं मन मोडणं सगळ्यांच्याच जिवावर येई. पुढे पुढे ती माणसंही येईनाशी झाली. भल्या माणसांनी भलेपणानेच त्याची खुर्ची रिकामी केली.

"कुठे तडफडले सगळे?" तो दारात उभा राहून विचारायचा.

"सुट्ट्या आहेत."

"केसांना पण?"

ती हसायची आणि तोंड फिरवायची. सांगावंसं तिलाही वाटे. पण ते नाव घेतलं की त्याच्या हातची कात्री जाणार, आणि कात्रीशिवायचा हा माणूस तिने कधी पाहिलाच नव्हता. घरात माणसं दोन, आणि कळलेलं एकटीलाच.

तिचे केस लग्नापासून तोच कापत आला होता, दुकान बंद केल्यावर. आता दुकानात कुणी नसायचंच, म्हणून त्या दिवशी भरदुपारीच तिला खुर्चीत बसवून त्याने गळ्याभोवती कापड बांधलं. डावीकडचे केस नंतर मोरीत उभं राहून आपले आपणच सारखे करायचे, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"बोला बाईसाहेब, कसे कापू?"

"सिनेमात घेतील असे."

"मग तू टोपीच घा..."

शब्द चावल्यासारखा तोंडातच राहिला. तिने आरशात पाहिलं. त्याच्या ओठाचा डावा कोपरा खाली सरकत होता.

"अहो, हात वर करा बघू. दोन्ही."

कात्रीसकट उजवा हात वर गेला. डावा रिकाम्या बाहीसारखा लोंबत राहिला.

"केले की दोन्ही," तो जड जिभेने म्हणाला, आणि तो खरंच तसं समजत होता.

तिने कात्री काढून घेतली, आपल्या खुर्चीत त्याला टेकवलं आणि गळ्यातल्या कापडासकट फोनकडे धावली. रुग्णवाहिकेच्या नंबरवर एका बाईने शांतपणे विचारलं, "काय होतंय पेशंटला?"

"जरा चक्कर..." तिने सुरुवात केली. मागे तो खुर्चीत एका अंगावर कलला होता आणि उजवीकडच्या भिंतीत तिला शोधत होता. ती डावीकडे उभी होती.

"चक्कर नाही," ती म्हणाली. "लकवा आलाय यांना. आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत. महिन्यापूर्वीही येऊन गेलाय. मला तेव्हाच कळलं होतं."