किंमत ठरलेला तलाव

मी एक जुना तलाव आहे, मित्रांनो. प्राणिसंग्रहालयाच्या सखल कोपऱ्यात मी ऐसपैस पसरलेलो होतो. आता निम्माच उरलो आहे, आणि त्या निम्म्याच्या काठावरही लाल खुंट्या ठोकून झाल्या आहेत.

मला माणसांनीच खणले. मातीचा बांध घातला, पाणघोड्यांना उतरता यावे म्हणून एका बाजूला उतार केला. बगळे, बेडूक, वटवाघळे मात्र न बोलावता आली. टेकडीवरून धावत येणारे पावसाचे पाणी मी पोटात घ्यायचो आणि सावकाश जमिनीत मुरवायचो. बांधाखालच्या आळीतल्या विहिरी त्यावरच भरायच्या. उन्हाळ्यात माझ्यावरून गेलेला वारा त्या घरांत गार होऊन शिरायचा. लोक यायचे ते पाणघोडे पाहायला. माझी विचारपूस करायचा तो एकटा राखणदार. आळीतच तो आपल्या म्हाताऱ्या मावशीजवळ राहायचा. सकाळी गाळ उपसताना विचारायचा, "काय तलावबुवा, पोट साफ आहे ना?"

मग गाड्या उभ्या करायला जागा कमी पडू लागली आणि साऱ्यांची नजर माझ्यावर गेली. मला वाचवायला एक अभ्यासक बाई धावून आल्या. त्यांनी माझी खोली मोजली, विहिरींत दोर सोडले, आळीतल्या घरांतला उकाडा तपासला.

"दादा, तलाव सुंदर आहे म्हणून कुणी थांबत नाही," त्या राखणदाराला म्हणाल्या. "पैशात सांगितलं की कान टवकारतात."

पाणी मुरवण्याचे, पूर अडवण्याचे, गारव्याचे, डास खाणाऱ्या माशांचेसुद्धा मोल त्यांनी काढले. मी सुखावलो. इतकी वर्षे फुकट राबलो, कुणीतरी जाणले.

बैठक माझ्याच काठावर भरली. व्यवस्थापकांनी आकडा वाचला आणि चष्मा पुसला.

"एवढाच? गाडीतळ थोड्याच वर्षांत याहून जास्त मिळवून देईल."

"साहेब, हा आकडा विकण्यासाठी नव्हता काढला."

"पण किंमत तुम्हीच लावलीत ना, बाई?"

बाईंनी आकड्यांचा कागद मिटला. मित्रांनो, त्या प्रश्नाने माझ्या तळापर्यंत थंडी पोहोचली.

पाणघोड्यांना दुसरीकडे हलवले. थोरली मादी काही केल्या गाडीत चढेना. राखणदार तिच्या कानाशी बराच वेळ बोलला, तेव्हा कुठे तिने पाऊल उचलले. मागोमाग मुरमाचे ट्रक आले आणि गाडीतळासाठी माझे निम्मे पोट बुजवले. चिखलात दडलेले बेडूक तिथेच गाडले गेले. विहिरी खोल गेल्या. संध्याकाळी आळीत डासांचे ढग उठू लागले.

पावसाळ्यात टेकडीवरचे पाणी नेहमीसारखे माझ्याकडे धावत आले. मी अंग चोरून घेतले, पण जागाच नव्हती. पाणी बांधावरून उलटले आणि आळीत शिरले. राखणदार कमरेएवढ्या लोंढ्यातून घरी पोहोचला. त्याने मावशीला पाठकुळी घेतले.

"अरे, माझी पेटी राहिली," ती म्हणत होती.

"मावशी, मान घट्ट धर. पेटीचं नंतर बघू."

ती दोघे उंचावर पोहोचली, तेव्हा मागे त्यांची भिंत बसल्याचा आवाज झाला. आळीतली सगळी माणसे वाचली खरी, पण आता ती माझ्या वरच्या काठावरच्या, पाणघोड्यांच्या रिकाम्या पिंजऱ्यांत राहतात.

बाई नुकसान मोजायला पुन्हा आल्या. मावशीच्या छातीत तेव्हापासून घरघर आहे. राखणदाराने शांतपणे विचारले, "बाई, या घरघरीचं काय लावाल?" बाईंनी पेन बंद केले आणि त्या मावशीच्या उशाशी बसून राहिल्या.

मित्रांनो, माझे मोल जरूर करा; जो राबतो त्याची कदर व्हायलाच हवी. पण ज्याच्यावाचून खालची घरे तगत नाहीत, त्याला तराजूत घालून कुणाच्या हाती देऊ नका. माझे निम्मे पोट अजून शिल्लक आहे. त्यातला गाळ काढा, ते बुजवू नका.

सकाळपासून ट्रक पुन्हा येऊ लागले आहेत. टेकडीमागे आभाळ भरले आहे. मावशी गजांना धरून माझ्याकडे टक लावून पाहते आहे.