भांडणातून निघालेलं इंजिन

आमच्या खिडकीबाहेरच्या तारेवर एक कावळा बसायचा. आमचे वाद ऐकून ऐकून तो इतका तयार झाला होता, की कोणी चुकीचं माप सांगितलं की आतून आधी नाही, बाहेरून आधी ओरडा व्हायचा. ही थाप नाही. मी थाप मारली तर इतकी छोटी मारत नाही.

खोली घड्याळजीच्या दुकानावरच्या माळ्यावर होती. खाली दुरुस्तीला आलेली घड्याळं, वर आमची रेल्वे. चार टेबलं जोडून त्यांवर रूळ, सिग्नल, स्टेशन, आणि कागदाच्या लगद्याचे डोंगर. डोंगर माझे. मला इंजिनांतलं फारसं कळत नाही, म्हणून मला डोंगर दिलेले. खालच्या प्रत्येक घड्याळाची वेळ निराळी, त्यामुळे कशाचे ना कशाचे ठोके सतत वर येत. कुठेतरी जायचं होतं आणि उशीर झालाय, असं त्या खोलीत बसलेल्या माणसाला उगाचच वाटत राहायचं. कोणी पाच मिनिटं स्वस्थ बसत नसे.

सभासद एकूण पाच. खेळ म्हणाल तर एकच, जुन्या ब्रिटिश वाफेच्या इंजिनांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती करायच्या आणि पळवायच्या. भांडणही एकच. त्या सगळ्यांत उत्तम इंजिन कोणतं?

दातांचे डॉक्टर मॅलर्डच्या बाजूचे. निळं, सुरीसारख्या अंगाचं इंजिन. एकदा तर खुर्चीतल्या पेशंटला ‘आ’ करायला सांगून डॉक्टर एक मुद्दा विसरू नये म्हणून माळ्यावर आले, आणि मुद्दा लांबला तेव्हा तो पेशंट तसाच ‘आ’ करून मागोमाग वर आला. त्याचंही मत मॅलर्डलाच पडलं. निदान त्याने नाही म्हटलं नाही.

हेडबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचं इंजिन कॅसल, हिरवंगार, चिमणीला तांब्याची कड. आणि बसचा ड्रायव्हर हा बाईंचाच जुना विद्यार्थी. अजून त्यांच्यासमोर बोलायचं झालं की आपोआप उभा राहायचा. त्याचं ब्लॅक फाइव्ह, काळंकुट्ट, कष्टाळू.

“एकशे सव्वीस मैल!” डॉक्टर म्हणायचे. “ताशी! वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.”

“उतारावर,” बाई म्हणायच्या. “उतारावर माझी पर्स सोडली तरी पळेल. आणि पळून झाल्यावर बेअरिंग तापून बसलं, ते का नाही सांगत?”

“तुमचं ते तांब्याचं भांडं तरी काय करतं? चकाकतं!”

ड्रायव्हर उभा राहायचा. “बाई, मी बोलू? मालगाडी द्या, पॅसेंजर द्या, एक्स्प्रेस द्या, काळी नाही म्हणत नाही. आठशेच्या वर बनवल्या त्या. उगाच?”

“आठशे बनवल्या म्हणून उत्तम? मग उत्तम वस्तू टाचणी. बस खाली.”

तो बसायचा. डॉक्टर त्याच्याकडे बघून म्हणायचे, “तुझं इंजिन म्हणजे चाकं लावलेलं फायलींचं कपाट,” आणि तो पुन्हा उभा राहायचा. बाहेर कावळा मॅलर्डच्या बाजूने ओरडायचा. स्वतः काळा असून! घरभेदी.

या सगळ्यांत घड्याळजी बोलत नसे. बाकीचे त्याला काका म्हणत, मी अरे-तुरे करायचो, कारण आम्ही बरोबरीचे. क्लबातली सगळी चांगली इंजिनं त्याच्याच हातची. इतरांनी सांगायचं, त्याने करायचं, असं आयुष्यभर चाललेलं. म्हणून त्या दिवशी तोच बोलला तेव्हा डॉक्टरांचा मुद्दाही अर्धाच राहिला.

“मला एक इंजिन करायचंय,” तो म्हणाला. “माझ्यासाठी. सगळ्यांत उत्तम. कोणतं ते तुम्ही ठरवा. पण एकमताने.”

एकमताने! मांजराला म्हणावं, दुधाकडे पाठ करून बस.

कितीतरी रविवार गेले. डॉक्टरांनी आलेख आणले, बाईंनी रंगाचे नमुने आणले, ड्रायव्हरने नुसता आवाज आणला. आणि घड्याळजी एक हात खिशात घालून येरझारा घालत राहिला, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. कोणतंही घड्याळ वाजलं की दचकून खाली बघायचा.

मला संशय आला तो चहामुळे. काकी, म्हणजे त्याची बायको, ट्रे घेऊन यायची. सगळ्यांचे कप काठोकाठ, त्याचा अर्धा. भांडण झालंय म्हणावं तर बिस्किटं त्याला दोन जास्त. एकदा सगळे गेल्यावर मी मागे थांबलो.

“काकीने तुझा चहा का कापला रे?”

त्याने खिशातला हात काढून माझ्यासमोर धरला. हात आपला आपण हलत होता, पानावर वारा यावा तसा.

“गोळ्या चालू आहेत,” तो म्हणाला. “थोडा थांबतो. पण वाढणार, असं इस्पितळातले म्हणालेत. अजून एक इंजिन होईल माझ्याच्याने. एकच. म्हणून म्हटलं, उत्तम असावं.”

“मग सांग ना त्यांना! उद्याच्या उद्या ठरवतील.”

“तेच नकोय. दया करून मत देतील. मला खरं मत हवंय. आयुष्यभर दुसऱ्यांची इंजिनं केली, मला सगळीच आवडतात, तीच तर पंचाईत आहे. तू बोललास तर बघ.”

आता मी शब्द दिला. पण शब्द हाताबद्दल न बोलण्याचा होता, गप्प बसण्याचा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो आणि कानात म्हटलं, “बाई आणि ड्रायव्हर फुटले. मॅलर्डला तयार आहेत. पण जिंकल्यासारखं वागू नका, बिचकतील.” मग बाईंकडे गेलो. “डॉक्टर आणि तुमचा विद्यार्थी कॅसलवर आलेत. मोठ्या मनाने घ्या.” मग ड्रायव्हरला बस थांब्यावर गाठलं. तो म्हणाला, “बाईसुद्धा? शपथ?” मी म्हटलं, “त्या म्हणाल्या, मुलगा हुशार होता, मीच ओळखलं नाही.” त्या दिवशी त्याने बस अशी चालवली म्हणतात, की खड्डे स्वतः बाजूला झाले.

माझा हिशोब असा, की तिघं जिंकल्याच्या आनंदात असली की एकमेकांना सवलत देतील, आणि सवलतीत एखादं एकमत घसरून पडेल.

पुढचा रविवार म्हणजे काय वर्णावा! डॉक्टर म्हणाले, “खरं सांगू बाई, तांब्याची कड दिसते मात्र सुंदर.” बाई म्हणाल्या, “वेग नाकारून चालत नाही हो. आणि काळीला टाचणी म्हटलं ते माझं चुकलंच.” ड्रायव्हरने डॉक्टरांना स्वतःचं बिस्किट दिलं. कावळा गोंधळून उडून गेला.

घड्याळजीचा चेहरा उजळला. “मग ठरलं? कोणतं?”

“मॅलर्ड!” “कॅसल!” “काळी!”

तिन्ही एका दमात. क्षणभर कोणाला कळेना, मग सगळ्यांना एकदमच कळलं आणि तीन माना माझ्याकडे वळल्या.

“आबा!” बाई ओरडल्या. शाळा असती तर मी बाकावर उभा असतो. डॉक्टर मला खोटारडा म्हणाले, बाई डॉक्टरांना ढोंगी म्हणाल्या, कारण कडेचं कौतुक मनापासून नव्हतं, आणि ड्रायव्हरने बिस्किट परत मागितलं. आवाज असा चढला की खालची बंद पडलेली घड्याळंही चालू झाली.

तेवढ्यात घड्याळजीने खिशातला हात काढला आणि टेबलावर ठेवला. रुळावर उभे असलेले चिमुकले डबे टकटक वाजायला लागले. स्टेशनवरचा बोटभर हमाल आडवा झाला.

सगळ्यांनी तो आवाज ऐकला. डॉक्टरांना तर विचारायचीही गरज नव्हती. कोणी कोणाकडे बघेना.

“आता नका ठरवू,” घड्याळजी म्हणाला. “आता ठरवलंत तर ते खरं नाही. सहा मोठी चाकं तिघांनाही लागतात, ती आणि खालचा सांगाडा मी करतो. मापाचं बघून घेईन. वरचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. डॉक्टर, तुम्ही बॉयलर करा, बाई, तुम्ही मागचा कोळशा-पाण्याचा टेंडर, आणि ड्रायव्हरची केबिन तू कर रे, तुझीच जागा ती. कोणाचं इंजिन ते भांडून घ्या. मला थांबायला वेळ नाही.”

पण ते भांडलेच नाहीत. तीच तर चूक झाली. इतकी वर्षं एक इंच न हटलेली माणसं, आता एकमेकांशी बोलायचीच बंद झाली, आणि तिघंही वेगवेगळी माझ्याकडे आली. डॉक्टर म्हणाले, “आबा, बाईंना कळू देऊ नका. मी बॉयलर कॅसलचा करतोय. म्हातारपणी त्यांचं मन राहू दे, वादही संपेल.” ड्रायव्हर म्हणाला, “आबा, मी केबिन मॅलर्डची करतो, निळी. डॉक्टरांना नका सांगू, फुगतील.” बाई म्हणाल्या, “मी टेंडर काळा रंगवतेय. त्या मुलाला मी फार बसवलं आयुष्यात. पण एक अक्षर बोललात तर याद राखा.”

एरवी मी न विचारलेलं सांगणारा माणूस. या खेपेला तिघांचा शब्द पाळला. माणसाने आपला स्वभाव सोडला की काय होतं ते बघा.

मधले दिवस खाली-वर करण्यात गेले. घड्याळजी गोळी घेऊन बसायचा आणि हात स्थिर होईल तेवढ्यात काम करायचा. अवघड काम चाकांचं. उजव्या बाजूच्या चाकाची, दांडा अडकवायची खुंटी वर असली तर डावीची बरोबर काटकोनात पुढे हवी, तीनही जोड्यांना सारखी. केसभर चुकलं की इंजिन लंगडतं. तो बसवायचा, फिरवून बघायचा, उपसायचा, पुन्हा बसवायचा. एकदा बारीक स्क्रू उडाला आणि आम्ही दोघं म्हातारे टेबलाखाली रांगत होतो, तेव्हा काकी दारातून म्हणाली, “मोठी झाली म्हणे माणसं!” मी म्हटलं, “मी बसवू का?” त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी निमूट डोंगर रंगवायला गेलो. तो डोंगर त्या काळात पाच वेळा रंगवला. नंतर त्यावर खरंच गवत उगवलं. असो.

जोडणीच्या दिवशी तिघं आली, प्रत्येकाच्या हातात कापडात गुंडाळलेलं पुडकं, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दानशूराचं हसू. डॉक्टरांनी सोडलं तर हिरवा बॉयलर, तांब्याची कड. ड्रायव्हरने सोडलं तर निळी केबिन. बाईंनी सोडलं तर काळा टेंडर, त्यावर केसाएवढी लाल रेघ.

घड्याळजीने एकेक उचलून सांगाड्यावर ठेवलं. पुढे हिरवं, मधे निळं, मागे काळं. असलं इंजिन कोणत्याच कारखान्यातून कधी बाहेर पडलं नसेल. पोपट, मोर आणि कावळा एकाच पिंजऱ्यात कोंबल्यासारखं दिसत होतं.

“हे काय?” तो म्हणाला.

मग डॉक्टर पुटपुटले, “मी बाईंसाठी...” बाई म्हणाल्या, “मी याच्यासाठी...” ड्रायव्हर उभाच होता, तो म्हणाला, “मी डॉक्टरांसाठी.”

“म्हणजे दयाच केलीत शेवटी.”

“माझ्यावर कसली दया!” बाई डॉक्टरांकडे वळल्या. “आणि केलीत तर नीट करायची. कॅसलला हा हिरवा चालतो? हा भाजीवाल्याचा हिरवा आहे!”

“तुमच्या टेंडरवरच्या रेघा दोन हव्यात,” ड्रायव्हर म्हणाला, आणि स्वतःच्या धिटाईने स्वतःच दचकला.

“निळा चुकलाय,” डॉक्टर म्हणाले. “साफ चुकलाय. हा आकाशाचा आहे, मॅलर्डचा नाही.”

घड्याळजी एकेकाकडे बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं. खांदे हलायला लागले, हात हलतच होता, सगळा माणूसच हलायला लागला.

“दया करतानासुद्धा एकमत नाही तुमचं!” तो म्हणाला. “बरं झालं. माझी भीती गेली.”

त्याने इंजिन रुळावर ठेवलं. हातामुळे चाकं रुळावर बसेनात. ड्रायव्हरचा हात मदतीला पुढे आला, बाईंनी मनगट धरून तो मागे ओढला. चौथ्या खेपेला बसली. बटण माझ्याकडे होतं.

इंजिन निघालं. आणि चाकांच्या प्रत्येक फेऱ्याला हलकेच एक हिसका, जिना चढताना एका गुडघ्यात कळ येणाऱ्या माणसासारखा. घड्याळजीच्या कानाला तो पहिल्या फुटातच लागला. त्याने डोळे मिटले.

“लंगडतंय,” तो म्हणाला.

खोटं बोलायला सगळ्यांत लायक माणूस मी, पण मलाही काही सुचेना. ड्रायव्हरने खाली वाकून, गाल टेबलाला टेकवून, इंजिन जवळून जाऊ दिलं.

“हो काका, लंगडतंय,” तो म्हणाला. “माझी बसही लंगडते. रोज पोचते.”

इंजिन स्टेशनात शिरलं, हमालाला पुन्हा पाडलं, बोगद्यात गेलं. आम्ही पाचही जण टेबलाच्या कडेला हात टेकून वाट बघत होतो. माझ्या डोंगरातून ते बाहेर येईना. खाली कुठलं तरी घड्याळ वाजलं, मग दुसरं. काकी ट्रे घेऊन दारात थांबली होती. मग आधी तांब्याची कड दिसली, मग ठक, ठक करत बाकीचं. टेबल थरथरत होतं, त्यावरचे दहाच्या दहा हातही. त्यांतला कोणता आपला आपण हलतोय आणि कोणता गाडीमुळे, हे मला तरी सांगता आलं नाही, आणि त्या दिवशी मी चष्मा लावला होता.

“पुढून कॅसल आहे, म्हणजे हे कॅसलच,” बाई म्हणाल्या.

“ड्रायव्हर बसतो ती जागा मॅलर्डची,” डॉक्टर म्हणाले. “इंजिन ज्याच्या हाती त्याचं.”

“आणि कोळसा, पाणी कोण वाहून नेतं?” ड्रायव्हर म्हणाला. उभं राहायची गरज नव्हती, उभाच होता.

घड्याळजीने काकीच्या ट्रेमधून कप उचलला. काठोकाठ भरलेला होता, चुकून माझा. बशीत थोडा सांडला, थोडा रुळावर. तो तसाच प्यायला.

“अजून एक फेरी,” तो म्हणाला. “आणि भांडा जरा मोठ्याने. ते ठक-ठक ऐकू येतंय.”