अख्खी गोळी

ठक्, ठक्, ठक्.

गोळीताई दारातच थबकली. प्रयोगशाळेतलं यंत्र बिघडलं म्हणून साहेबांनी तिला सकाळीच घरी पिटाळलं होतं. एरवी या वेळी घर कसं असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. बाबा ओट्याशी उभे राहून, जीभ दातांत धरून, खलबत्त्यात काहीतरी कुटत होते.

"आलीस? काय, बुडाली वाटतं आज तुझी गोळी!"

हा त्यांचा रोजचा विनोद. पोरीची नोकरीच तशी होती. काचेच्या भांड्यात पोटातल्यासारखं कोमट, आंबट पाणी भरायचं, त्यात गोळी सोडायची आणि ती किती वेळ तरंगते ते बघत बसायचं! सगळे तिला गोळीताईच म्हणत. पुढे ती गोळी बाजारात आली आणि आईच्या कंपवातावर डॉक्टरांनी नेमकी तीच लिहून दिली. तेव्हा तर ताई गल्लीभर मिरवली होती, "आमची गोळी!"

"तरंगतेय हो," म्हणत तिनं खलात डोकावलं.

पांढरी भुकटी. कडेला निळी सालपटं.

तो निळा रंग तिच्या रोजच्या नजरेतला होता.

"बाबा, ही आईची गोळी?"

"मग काय माझी? केवढी ती धोंड! हिच्या घशात अडकते. मधात कालवून देतो, गपकन घेते."

"घोड्याची गोळी आहे मेली," खुर्चीतून आई म्हणाली.

"कधीपासून कुटताय?"

"पहिल्या दिवसापासून. का गं?"

"अहो, ती मुद्दाम मोठी केलीय! पोटात फुगते, वर तरंगते, खाली सरकत नाही. दिवसभर थोडं थोडं औषध सोडते. कुटली की सगळं एकदम अंगात जातं, आणि दुपारनंतर काहीच उरत नाही!"

बाबांच्या हातातला बत्ता तसाच राहिला. सकाळी तुरुतुरु चालणारी आई संध्याकाळी लाकडासारखी का होते, यावर घरात किती डोकी खाजवली होती!

"मग आई त्या सकाळी मोरीत चक्कर येऊन पडली, ती..."

ताईनं खुर्चीकडे पाहिलं. आईच्या खुब्यात तेव्हापासून सळई होती.

"मी गवंडी बोलावून फरशी खडबडीत करून घेतली गं," बाबा पुटपुटले. "मला वाटलं, फरशीच घसरडी."

आणि ताईला वाटलं, गल्लीभर सांगितलं, घरात तेवढं सांगायचं राहिलं.

तिनं डॉक्टरांना फोन लावला. आजचा डोस अख्खा द्या, ते म्हणाले. मग तिनं पेल्यात कोमट पाणी घेतलं, लिंबू पिळलं आणि एक गोळी सोडली. तिघं वाकून बघू लागले. गोळी तळाला गेली.

"बुडाली," बाबा म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

बारीक बुडबुडे सुटले. गोळी हलली, जडपणे वर आली आणि तिथंच डुलत राहिली. आई बराच वेळ बघत होती.

"आण दुसरी," ती म्हणाली. "अख्खी."

"मान जरा पुढे घे, आई, म्हणजे अडकणार नाही."

बाबांनी पाण्याचा पेला तिच्या ओठांशी धरला. पाणी हिंदकळून तिच्या पदरावर सांडलं. तेव्हा आईनंच आपला थरथरता हात वर आणला आणि बाबांचा हात सावरला.