अठरा गुणांचा पेपर

वीसपैकी अठरा! कासूच्या नूतन म्हात्रेने शिपायाने वाटलेला अर्थशास्त्राचा पेपर उलटसुलट करून पाहिला. नाव तिचे होते, अक्षर नव्हते. ही परीक्षा झाली त्या दिवशी ती पेणच्या मैदानावर कॉलेजसाठी कबड्डीच्या चढाया करत होती.

अंतर्गत परीक्षेत नापास होणाऱ्याला संघात घ्यायचे नाही, असा नियम होता. खेळाडूंनी शिकावे म्हणून केलेला. रोह्याच्या या कॉलेजने त्यातून सोपी वाट काढली होती. खेळाडूंचे पेपर दुसऱ्यानेच लिहायचे.

नूतनला चंद्रावती आठवली, दोन वर्षांपूर्वीची कर्णधार. परवाच ती वडखळच्या नाक्यावर भेटली होती, कंपनीच्या बसची वाट बघत. "पोलीस भरतीत मैदानी चाचणीला मी पयली आले गो," ती म्हणाली होती. "पण लेखीत साधं टक्केवारीचं गणित जमलं नाय. घरात पदवी हाय, डोक्यात काय नाय."

नूतन तडक क्रीडाप्रमुख रितेश सरांकडे गेली.

"सर, ह्यो पेपर मी लिवला नाय."

सरांनी आधी दार लोटले. "मग बिघडलं काय? सोमवारी उपांत्य सामना हाय. तू खेळ, बाकी आम्ही बघतो."

"तुम्ही बघितलंत म्हणून तं चंद्राताई आज शिफ्टला खोकी भरते."

"कॉलेजनं तुझ्यासाठी काय कमी केलं?"

"शिकवलं नाय सर. तेवढं सोडून सगळं केलंत."

गुण रद्द करा, माझी परीक्षा पुन्हा घ्या, असा अर्ज तिने प्राचार्यांना लिहिला. तो अर्ध्या पानाचा अर्ज लिहायला तिला तास लागला. तीन कागद फाडले. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असून आपल्याला चार ओळी सरळ लिहिता येत नाहीत, याची तिला चीड आली. कुणावर काढावी ते मात्र कळेना.

फेरपरीक्षेत तिला वीसपैकी सहा गुण मिळाले. नियम आता कसा चोख चालला! तिचे नाव संघातून गेले आणि सोमवारी संघ दोन गुणांनी हरला. मैत्रिणी बोलेनाशा झाल्या. मुलांच्या संघातला हरेश मात्र तसल्याच पेपरावर पास होऊन खेळत राहिला.

"गप बसली असतीस तं काय झालं असतं गो?" आई, विमलबाई, चुलीपुढून कळवळली.

"चंद्राताई गपच बसलेली, आई."

दुसऱ्या दिवशी तास सुटल्यावर ती अर्थशास्त्राच्या अनिता मॅडमपुढे जाऊन उभी राहिली.

"मॅडम, मला शिकवाल? खरंखुरं?"

"शिकवीन की. कुठपासून सुरू करू?"

नूतनने मान खाली घातली. मग वर करून म्हणाली, "पाचवीपासून."

मॅडमनी खडू उचलला, पण फळ्याकडे वळणे त्यांना जमेना. तीन वर्षे, ती मैदानावर असतानाही, हजेरीपटावर या मुलीच्या नावापुढे 'हजर' त्यांनीच लिहिले होते.