हद्दीबाहेरचं स्वयंपाकघर

आमच्या घराची पुढची खोली उपनगरात आहे, स्वयंपाकघर नाही. पूर्वी इथून नाला वाहायचा, तीच हद्द. नाला बुजवला, वर घरं उठली, पण नकाशातली रेघ कुणी हलवली नाही. ती आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून जाते. म्हणजे मी भाजी उपनगरात निवडते आणि परगावी शिजवते. आल्यागेल्याला हे सांगून आम्ही खूप हसवलं आहे. नळ कुणी द्यायचा या भांडणापायी पालिकेच्या कचेरीतही सगळ्यांना आमचं घर तोंडपाठ.

नवरा पाट्या रंगवतो. सगळे त्याला पेंटर म्हणतात, चिडले की मीही. उपनगराची मोठी पाटी त्याच्याच हातची: समुद्रसपाटीपासून उंची, क्षेत्रफळ, लोकसंख्या. ती आमच्या दारासमोरच आहे, कारण वस्ती आमच्यापाशी संपते. यंदा माणसं मोजणाऱ्या बाई सगळ्यात शेवटी आमच्याकडे आल्या आणि आमच्यातही शेवटी सासूबाईंना मोजलं. तेव्हापासून सासूबाईंचा तोरा काही विचारू नका.

"पाटीवरचा शेवटचा आकडा म्हणजे मी," त्या लेकाला म्हणायच्या. "नीट काढ रे, वाकडातिकडा नको."

नवरा नवा आकडा रंगवायला शिडीवर चढला होता, त्याच दुपारी सासूबाई ओट्यापाशी कोसळल्या. छातीवर हात, अंगाला दरदरून घाम. मी त्यांना सतरंजीवर घेतलं आणि पालिकेच्या रुग्णवाहिकेला फोन लावून पत्ता सांगितला.

"पेशंट कुठे आहे?" पलीकडून विचारलं.

"स्वयंपाकघरात," मी म्हणाले. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे ते नाल्यावरचं घर ना?" माणूस मऊपणे म्हणाला. "ताई, स्वयंपाकघर आमच्या हद्दीत येत नाही. शेजारच्या गावाला लावा."

शेजारच्यांना लावला. ते म्हणाले, "तुमचं दार तिकडे उघडतं, तुमची माणसं तिकडे मोजलेली. मग गाडी आमची कशी?" पुन्हा पहिल्याला लावला. आता मी ओरडत होते.

"असं करा," तो म्हणाला, "त्यांना पुढच्या खोलीत आणा. लगेच पाठवतो."

हद्द झाली, असं आपण उठसूट म्हणतो. ती काय असते ते मला तेव्हा कळलं.

"अहो, खाली या," मी दारातून हाक मारली. नवरा रंगाच्या हातांनीच धावत आला. आम्ही सतरंजी टोकांना धरून ओढायला लागलो. सासूबाई अंगाने भारी.

"सामान हलवताय का रे?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"गावात नेतोय तुला, आई."

सतरंजी उंबऱ्याला अडली. आम्ही त्यांना उचलायला वाकलो आणि माझं मनगट धरलेला त्यांचा हात सुटला. डोकं पुढच्या खोलीत आलं होतं, बाकी अंग उंबऱ्यामागेच होतं.

गाडी मात्र लगेच आली. तेच मला अजून खातं. तिचा तळ आमच्या कोपऱ्यावर आहे. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि मग विचारलं, "मृत्यू कुठे झाला म्हणून लिहू?" नवऱ्याने उंबऱ्याकडे पाहिलं. "पाय अलीकडे घ्या," ते हळूच म्हणाले, "म्हणजे आमच्याकडे नोंद करता येईल." वाईट माणूस नव्हता तो. पण नवऱ्याने आईचे पाय अलीकडे घेतले नाहीत. तिचं डोकं मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिला. शेवटी डॉक्टरांनी लिहिलं: वाटेत.

ओट्यापासून पुढच्या खोलीपर्यंतची वाट. त्या वाटेत गेल्या.

आईचे दिवस झाल्यावर तो पुन्हा शिडीवर चढला. उंची लिहिली, क्षेत्रफळ लिहिलं, लोकसंख्या लिहिली आणि तिच्या शेवटच्या आकड्याची जागा कोरी ठेवून खाली उतरला. ब्रश मी धुऊन ठेवला.

कचेरीतले साहेब पाटी बघायला आले. "एक आकडा राहिलाय," ते म्हणाले. "रंग संपला का?"

"रंग आहे."

"मग लिहून टाका की. असं ठेवलं तर वस्ती दहाव्या हिश्श्याची दिसते."

पेंटर ब्रशचे केस बोटांनी सरळ करत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"आता तेवढीच आहे," तो म्हणाला.