पाऊण लिटरातले दहा पेले

न्या कांतालिसियाच्या, म्हणजे कांतालिसियाबाईंच्या, टपरीपुढे सकाळी कोण कुठला पाला कुटून घेतो, एवढं नुसतं उभं राहून पाहिलं तरी गावाची निम्मी गुपितं कळत. बडीशेपेची काडी मागणाऱ्याचं पोट फुगलेलं, गवती चहावाल्याची झोप उडालेली, आणि पुदिन्यात 'आणखी ते आपलं' घाला म्हणून नजर चुकवणाऱ्याचं घरी काहीतरी बिनसलेलं. पाद्र्यापुढे गाव वर्षातून एकदा कबुली देई, कांतालिसियापुढे रोज, आणि तीही थर्मास पुढे करून. ती पाला खलबत्त्यात टाकी, चार ठोके देई, बर्फाच्या पाण्यात ढकली आणि वर एक टोमणा फुकट.

"परवा पोटाला, काल झोपेला, आज कंबरेला. एकदाच अख्खा माणूस घेऊन या की, मालक. इथंच कुटून देते."

मूत्रपिंडासाठी तिच्याकडे घोडशेपूट होतं. पेरापेरांचं हिरवं गवत. तिच्या आजीनं विकलं, आईनं विकलं, आणि तिघींपैकी एकीकडेही कुणी तक्रार घेऊन आला नव्हता. अशा बाईच्या नवऱ्याची नेमकी मूत्रपिंडंच निकामी झाली, आणि त्यावर गाव हसलं नाही, हा गावाचा मोठेपणा.

नवरा इसाबेलिनो. एकतीस वर्षं त्यानं गाव ते राजधानी बस हाकली. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याच बसनं तो राजधानीच्या दवाखान्यात रक्त धुवायच्या मशीनला जाई, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर बसून. गियर बदलताना खर्रकन आवाज आला की म्हणे, "पोरा, ती तुझी सासू नाही. हळू."

दवाखान्यानं त्याला दिवसाला पाऊण लिटर पाणी ठरवून दिलं होतं. सूप त्यातच, दूध त्यातच, गोळ्यांवरचा घोट त्यातच. कांतालिसियानं काचेच्या बरणीवर नखांच्या रंगानं रेघा मारल्या. तो जेवढं पिई तेवढं पाणी ती बरणीतून ओतून टाकी. संध्याकाळी बरणी रिकामी, तोंड बंद. केळं, संत्रं, टोमॅटो घरातून हद्दपार झाले. कंद दोनदा उकळायचा आणि दोन्ही वेळचं पाणी फेकायचं, असं नर्सनं बजावलं होतं.

"त्यातलं पोटॅशियम पाण्यात उतरतं," ती म्हणाली होती. "ते रक्तात साठलं की काळीज बंद पडतं. आणि आधी कळवतही नाही."

कांतालिसियानं हे एकदा ऐकलं आणि पाळलं. दोनदा उकळलेला कंद खडूसारखा लागे. इसाबेलिनो खाई, बोलत नसे. नर्स दर वेळी वजन करी आणि म्हणे, "वा! बाकीच्यांच्या बायकांना तुमच्याकडे शिकायला पाठवायला हवं." कांतालिसिया ते वाक्य बसमध्ये बसून तीनदा मनात म्हणे.

फक्त एक गोष्ट त्या बरणीत बसेना. टपरीच्या समोर, रस्त्यापलीकडे, पोर्फिरिओचं टायर दुरुस्तीचं दुकान आणि त्यापुढे आंब्याचं झाड. रोज दहाला तिथं तेरेरेची, गार कडू चहाची, फेरी बसे. एक शिंगाचा पेला, त्यात येर्बाच्या पानांचा चुरा, एक धातूची नळी. पोर्फिरिओ गार पाणी ओतणार, पेला एकाच्या हाती देणार, तो सुर्र करून संपवून परत देणार, मग दुसऱ्याचा नंबर. पहिला पेला संत तोमासचा, तो कुणी पीत नाही, येर्बाच पिऊन टाकतो. मग माणसांचे. कुणाला वगळायचं नाही. ज्याला पुरे झालं त्यानं पेला परत देताना 'आभारी आहे' म्हणायचं, की तो फेरीतून सुटला. इसाबेलिनोची तिथली जागा म्हणजे त्याच्या जुन्या बसची ड्रायव्हरची सीट, चाकाच्या रिंगवर ठोकलेली. निवृत्तीनंतरची नऊ वर्षं त्यानं त्या सीटवर काढली.

दवाखान्यातून आल्यावर तो एकदाच गेला होता. त्याचा पेला हाती आला, त्यानं तो थोडा वेळ धरला आणि भरलेलाच परत दिला. "आभारी आहे," म्हणाला. त्रांकिलिनो, जो डुकरं कापतो आणि ज्याला कुणाच्या मयतालाही विनोद आवरत नाही, तो खाली बघून मिशी चोळत बसला. त्यानंतर इसाबेलिनो टपरीमागच्या घरात खिडकीशी बसू लागला.

"दहा वाजले," तो म्हणे.

"मग?"

"मग काही नाही. पोर्फिरिओनं बर्फ फोडला. आवाज आला."

जानेवारी, त्या मुलखातला ऐन उन्हाळा, सुरू झाला. रस्त्याची लाल माती तव्यासारखी तापे. इसाबेलिनोनं खिडकीही सोडली आणि भिंतीकडे तोंड करून पडू लागला. वजन मात्र बरोबर. एका गुरुवारी त्यानं भिंतीलाच सांगितलं, "उद्या मी येत नाही."

"कुठं?"

"मशीनला."

कांतालिसियाचा हात खलबत्त्यावरच थांबला. "आठवड्यात मरशील, म्हाताऱ्या."

"आता तरी काय करतोय?"

"एवढी तहान लागते का रे?"

"तहान नाही गं, म्हातारे. तहानेचं काय, ती लागते आणि जाते." तो कुशीवर वळला. "नऊ वर्षं ते माझ्यावर हसले. माझ्या ब्रेकवर, माझ्या टकलावर, तुझ्या पाल्यावर. आता हसत नाहीत. इथं पडून ऐकतो ना, मुद्दाम हळू बोलतात."

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण तिनं ॲप्रनच्या खिशात घातलं आणि रस्ता ओलांडून गेली.

"पेला दे," ती पोर्फिरिओला म्हणाली.

"बसा की, न्या कांतालिसिया. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच..."

"प्यायला नाही. मोजायला."

तिनं येर्बानं भरलेल्या पेल्यात झाकणानं पाणी घातलं. एक, दोन, तीन, आणि काठाला आलं.

"तीन झाकणं," ती म्हणाली. "दहा पेल्यांना तीस. तेवढं बसवते मी. पण अकरावा दिलास, पोर्फिरिओ, तर तुझ्या दुकानातला एकही टायर हवा धरणार नाही अशी तजवीज करीन."

"आधीच कुठं धरतात!" त्रांकिलिनो म्हणाला.

"आणि हसायचं त्याच्यावर. पूर्वीसारखं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "ते काही मापून द्यायचं नाही ना?" त्रांकिलिनोनं विचारलं.

रात्रीच तिनं पाऊण लिटरची नवी वाटणी केली. सूप बंद. दूध बंद. गोळ्या कुस्करलेल्या कंदाच्या घासात दडपून, पाण्याशिवाय. तोंड कोरडं पडलं तर ओल्या फडक्यानं ओठ पुसायचे. असं पिळून पिळून तिनं तीस झाकणं वेगळी काढली. शुक्रवारी इसाबेलिनो मशीनला गेला. शनिवारी दहाला बसच्या सीटवर बसला.

"आला का ड्रायव्हर!" त्रांकिलिनो ओरडला. "बघा रे, ब्रेक लागतो का ते. नाहीतर थेट कबरस्तानातच थांबायचा."

इसाबेलिनोनं नळी ओढली. तळाशी सुर्र वाजलं. "तुझ्या डुकरांनी तुला परत पाठवलं वाटतं," तो म्हणाला, "चव आवडली नसेल."

रस्त्यापलीकडे कांतालिसियानं पाठ वळवली आणि उगाचच पुदिना निवडू लागली.

असे सोळा दिवस गेले. मशीनच्या दिवशी पोर्फिरिओनं फेरी दहावरून चारला नेली आणि याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. इसाबेलिनो दहा पेले पिई, अकराव्याला 'आभारी आहे' म्हणे, आणि त्रांकिलिनो दर वेळी विचारी, "बायकोनं सांगितलंय ना?" तो म्हणे, "तुला सांगणारी कुणी नाही, म्हणून तर असा दिसतोस." घरी येऊन तो जेवणाला नावं ठेवू लागला. खडूसारखा कंद, खडूसारखा भात, खडूसारखी बायको. कांतालिसियाला हे ऐकून इतकं बरं वाटे, की ती मुद्दाम आणखी बेचव करी.

फेरीचा थर्मास अर्थातच तीच भरून देई, आणि त्यात घोडशेपूट घाली. दुप्पट. पाण्याचा थेंब न् थेंब मोजणाऱ्या त्या बाईनं पाला कधी मोजला नाही. पाला तिच्या लेखी मोजायची वस्तू नव्हतीच. पाला औषध होता. नर्सला तिनं सांगितलंही नाही. विड्यात कात घातला हे कुणी मुद्दाम कुणाला सांगतं का? रक्त महिनाअखेरीला तपासत. वजन दर वेळी बरोबर येई.

सोळाव्या दिवशी, रविवारी, इसाबेलिनो उठताना खुर्चीला धरून थांबला.

"पाय दुसऱ्याचे वाटताहेत."

"उन्हानं," ती म्हणाली, आणि त्या दिवशी थर्मासात आणखी एक मूठ घातली.

सोमवारी सहाच्या बसमध्ये तो नेहमीच्या सीटवर बसला. नाक्यावर पोरानं गियर खर्रकन बदलला. कांतालिसियानं नवऱ्याकडे पाहिलं, आता सासू निघणार म्हणून. निघाली नाही. पुढच्या चढालाही पोरानं तसंच केलं. तेव्हा तिनं इसाबेलिनोच्या खांद्याला हात लावला आणि तो तिच्या मांडीवर कलला.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं शुक्रवारचा वजनाचा कागद पाहिला आणि आत्ता आल्यावर काढलेल्या रक्ताचा.

"पाणी मी मोजून दिलंय," त्यानं विचारायच्या आधीच ती म्हणाली. "एक थेंब जास्त नाही. नर्सला विचारा."

"पाण्यानं नाही गेले, आजी. वजन बरोबर आहे. रक्तात पोटॅशियम फार चढलेलं होतं. केळं? टोमॅटो?"

"घरात आणत नाही."

"कंद?"

"दोन पाण्यांत उकळते. पाणी फेकते."

"एखादा पाला? काढा?"

तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "तेरेरे. मोजून."

"त्यात काही घालत होता?"

"घोडशेपूट. मूत्रपिंडाला."

डॉक्टरनं लिहिणं थांबवलं. तोही याच मातीतला. त्याच्या आईच्या फळीवरही ते गवत असणार. "माझ्या आईनंही हेच केलं असतं," तो म्हणाला. "पण आजी, येर्बा काय, पाला काय, कुटून भिजवला की..."

"पाण्यात उतरतं," कांतालिसिया म्हणाली.

बाकीचं कुणी सांगायची गरज नव्हती. सोळा दिवस तिनं कंदाचं पाणी मोरीत ओतलं होतं आणि पाल्याचं नवऱ्याच्या तोंडात.

मयतानंतरचे नऊ दिवस घरात जपमाळ झाली. बायका आल्या, चिपाच्या, चीज घातलेल्या पावांच्या, टोपल्या आल्या. पोर्फिरिओनं तिचा हात धरला. "तुम्ही त्याला शेवटचे दिवस दिलेत, न्या कांतालिसिया. दुसऱ्या कुणा बायकोला हे सुचलं नसतं." त्रांकिलिनो नुसता रडला, आणि इतका वेडावाकडा, की लोक बघत राहिले. तिनं मान हलवली. कुणाला काही सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. म्हाताऱ्या आजारी माणसाच्या मरणाला गाव कारण मागत नाही.

दिवसा ती प्रार्थना म्हणे आणि मनात तेच ते जमवी-मोडी. पाला नसता तर किती जगला असता? वर्ष? दोन? पण भिंतीकडे तोंड करून? तो तर मशीनलाच जाणार नव्हता. पण नुसतं गार पाणी आणि मूठभर येर्बा, तेवढ्यावर भागलं असतं का? की येर्बाही विषच? एका बाजूला सोळा दिवस मांडी, दुसरी बाजू दर वेळी वेगळी येई.

दहाव्या दिवशी तिनं टपरी उघडली. दहाच्या सुमाराला ब्रिहिदा आली, वरच्या आळीतली, शिवणकाम करणारी. थर्मास पुढे केला.

"घोडशेपूट द्या. तुमच्या इसाबेलिनोला द्यायचात तसंच. शेवटी कसा खुलला होता, सगळं गाव सांगतं. आमच्यालाही मशीन लागलंय, नाताळापासून."

कांतालिसियाचा हात टोपलीत गेला, गवताची जुडी धरली. पुदिना देऊन वाटेला लावता आलं असतं. संपलंय म्हणता आलं असतं. पलीकडे आंब्याखाली पोर्फिरिओ संत तोमासचा पेला भरून थांबला होता. त्यानंतरचा पेला हल्ली तो बसच्या रिकाम्या सीटपुढे मातीत ओती, आणि मग त्रांकिलिनोचा.

तिनं जुडी सोडली.

"हे त्याला द्यायचं नाही. पुदिना नाही, येर्बा नाही, काहीच नाही."

"म्हणजे? तुम्हीच तर..."

"मी दिलं. दुप्पट दिलं. त्यानंच गेला तो."

तिचा आवाज पाला विकणारीचा होता, बसच्या आणि ट्रकच्या वरून जायला शिकलेला. तो रस्त्यापलीकडे गेला. पोर्फिरिओचा हात सीटपुढे वाकलेला तसाच राहिला. त्रांकिलिनोनं मान वर केली. फेरीचा थर्मास तिनंच भरलेला होता, आजचाही.

ब्रिहिदानं आपला थर्मास छातीशी ओढला. "मग देऊ काय त्याला?" ती म्हणाली. रागानं नाही, हे विचारायलाच ती आल्यासारखी. "दुसरं काही गोडच लागत नाही हो त्याला."

कांतालिसियानं पेटीतला बर्फ फोडला. तुकडे चाळले, मोठे बाजूला सारले, आणि संत्र्याच्या फोडीएवढा एक निवडून तिच्या हातावर ठेवला.

"एवढं. जिभेवर ठेवायला. आणि हेही त्याच्या दिवसाच्या पाण्यात धर."

ब्रिहिदा तो तुकडा हातात घेऊन उभी राहिली. पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं.