वर्षावासातली बंदूक

"भामा, बंदूक करुणाला जाईल. पण पेटीत लपवून नाय, कागदावरून जाईल. ध्यानात ठेव."

आमच्या ह्यांचं हे सांगणं अजून जसंच्या तसं कानात आहे. मे महिन्यातली दुपार होती. पुंडलिकनगरच्या आमच्या पुढच्या खोलीत वर्तमानपत्र अंथरून ते बंदुकीला तेल देत बसले होते. मी मागं ज्वारी निवडत होते. "व्हय," म्हटलं आणि निवडत राहिले.

हे म्हणजे कचरू साळवे. फौजेतून आले, मग क्रांती चौकाजवळच्या एका बँकेच्या दारात बावीस वर्षं उभे राहिले. बंदूक स्वतःची, परवाना स्वतःचा. दुनळी, बारा बोरची. बावीस वर्षांत तिच्यातून एकदाही गोळी झाडावी लागली नाही, हे ते पाहुण्यांना पदक दाखवावं तसं सांगायचे.

करुणा माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ कारखान्याच्या नोकरीपायी भोपाळला गेला आणि तिथलाच झाला. पोर दर उन्हाळ्यात आमच्याकडं यायची आणि मामा, मामा करत ह्यांच्या मागं फिरायची. अंगणात काठी खांद्याला लावून हे तिला शिकवायचे, श्वास धर, खांदा सैल सोड. मी म्हणायची, पोरीला काय शिपाई करता? आज ती मध्य प्रदेशच्या संघातून हवेत उडवलेल्या चकत्यांवर नेम धरते.

मी रोज पहाटे त्रिशरण-पंचशील घेते, पौर्णिमेला आठ शीलं पाळते. शिवाय वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, शस्त्राला हात लावायचा नाही आणि शस्त्राचं कपाट उघडायचं नाही, असं माझं व्रत. कुणा भंतेजींनी सांगितलेलं नाही, मीच धरलेलं. ह्यांनी त्याची कधी थट्टा केली नाही. निवृत्त झाल्यापासून दर वर्षी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ते बंदूक शस्त्रांच्या परवानाधारक दुकानात जमा करायचे. पावती दाखवून म्हणायचे, "घे, तुझं घर मोकळं केलं."

यंदा पौर्णिमेला आठ दिवस असताना त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. त्यांच्यामागचा पुण्यानुमोदनाचा विधी होईपर्यंत वर्षावास लागला. कपाटाला कुलूप होतं, किल्ली माझ्याकडं होती. हात लावला नाही म्हणजे आपण बरोबर वागतोय, असं मी धरून चालले.

आश्विनी पौर्णिमा झाली आणि दुसऱ्याच दिवशी भोपाळहून फोन आला.

"आत्या, लायसन्स हो गया! सामन्यासाठी वेगळी बंदूक घेईन मी, पण परवान्यावर पहिली नोंद मामांच्या बंदुकीची पाहिजे. डिसेंबर संपायच्या आत नोंद करायची आहे बरं का."

मी आनंदानं अभयला सांगितलं. अभय माझा मुलगा, शाळेत शिकवतो. तो वकिलाकडं जाऊन आला तो तोंड पाडूनच.

"आई, परवाना बाबांबरोबर संपला. ते गेले तेव्हाच बंदूक ठाण्यात नाहीतर दुकानात जमा करायला पाहिजे होती. आपण साडेतीन महिने ती घरात ठेवली. हा गुन्हा आहे."

"मी तिला हातसुद्धा लावला नाही रे."

"तेच तर! हात लावून जमा केली असती तर बरं झालं असतं." मग हळू आवाजात म्हणाला, "एक करता येईल. दुकानदार बाबांच्या ओळखीचा आहे. जुलैची तारीख टाकून पावती देतो का विचारतो. दर वर्षी तर जमा होतच होती, यंदाही झाली म्हणायचं."

"खोटं लिहायचं?"

"बाबांनीच सांगितलं होतं ना, कागदावरून जाईल म्हणून? मग कागद करू."

"खोट्या तारखेचा कागद त्यांनी मागितला नव्हता."

"आई, बुद्धानं कुठं सांगितलंय, ठाण्यात जाऊन स्वतःवर गुन्हा नोंदवून घ्या म्हणून?"

"मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाय, असं म्हणताना मी पोलीस ठाणं वगळून म्हणत नाय, बाबा."

तो चिडला. "आणि जप्त झाली तर? करुणाला काय सांगशील?"

 खरं सांगून पोरीच्या हातातली बंदूक घालवली तर ह्यांना दिलेला होकार मोडणार होता, आणि खोटं सांगून दिली तर तो कसला होकार! दोन घास खाऊन उठले आणि अर्ज लिहायला बसले.

ठाण्यात फौजदार सर्जेराव होते, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेले. त्यांनी अर्ज मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मध्येच आवाज उतरवला. मी लिहिलं होतं : "पती वारले त्या दिवसापासून आजपर्यंत बंदूक माझ्या घरात आहे. ती जमा करायची असते हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी वर्षावासात मी स्वतः कपाट उघडले नसते. दुसऱ्याला उघडायला सांगितले असते की नाही, हे आज मला सांगता येत नाही."

"मावशी, हे वकिलानं लिहून दिलं?"

"नाय साहेब. मीच लिहिलं."

"तरीच. वकील असं लिहूच देत नसतो." ते हसले आणि मग गंभीर झाले. "यावर तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो."

"व्हय."

"बंदूक सरकारजमा होऊ शकते."

त्याला मात्र माझ्या तोंडून व्हय निघालं नाही. खाली बघत म्हटलं, "तेवढं करू नका. ती पोरीची आहे."

त्याच दिवशी ते दोन शिपाई घेऊन घरी आले. मी किल्ली दिली. शिपायानं बंदूक मधून उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, काडतुसांचा डबा उघडला, पंचनामा सुरू झाला. कपाटाच्या तळाशी ह्यांची कागदांची पिशवी होती. सर्जेरावांनी ती टेबलावर उलटी केली. सुतळीनं बांधलेल्या पावत्या निघाल्या.

"दर वर्षी आषाढात जमा, आश्विनात परत," ते एकेक पावती पुढं सरकवत म्हणाले. "निवडणुकीत लोक जमा करतात, तेही आम्ही मागं लागल्यावर. हे का करायचे?"

"माझ्या व्रतासाठी."

"किती वर्षं?"

"निवृत्त झाल्यापासून. बारा."

सर्जेरावांनी चष्मा खाली ओढला आणि पावत्या पुन्हा पहिल्यापासून बघितल्या. शिपाईही वाकून बघू लागला. ह्यांची सही दर वर्षी थोडी थरथरत गेली होती, पण आठवड्याचाही उशीर कुठं नव्हता. त्या टेबलाशी उभं राहून मला इतका अभिमान वाटला की डोळ्याला पदर लावावा लागला.

"बंदूक मी ठाण्यात जमा करून घेतो," शेवटी ते म्हणाले. "उशीर कसा झाला ते तुमच्या अर्जावरून आणि या पावत्यांवरून वर कळवतो. निर्णय माझा नाही, मावशी. आशा धरा, पण घरी मिठाई आणू नका."

मग कागदांचे दिवस सुरू झाले. अभयचं आणि माझं वारसांचं संमतिपत्र झालं. बंदूक कुणाला देणार, तिचा पत्ता काय, परवाना कुठला, याची लेखी खबर परवाना शाखेला दिली. तिथून पंचेचाळीस दिवस थांबायचं, तोवर इकडून भोपाळला विचारणा जाणार. पहिल्यांदा चिडलेला अभय आता माझ्याआधी फायली घेऊन तयार असायचा. करुणाला मात्र दम धरवेना.

"आत्या, मी गाडी घेऊन येते ना. डिक्कीत ठेवीन, दहा-अकरा तासांत घरी!"

अभयनं माझ्या हातातून फोन घेतला. "ये की. परवानगीआधी हद्द ओलांडलीस तर बंदूक इथं, तू आत, आणि तुझ्या चकत्या हवेतच. मामांनी श्वास धरायला शिकवलंय ना? धर की आता."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. त्यानंतर तिनं घाई केली नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. समज देऊन प्रकरण मिटवलं होतं आणि हस्तांतराला परवानगी होती. करुणा रेल्वेनं आली. संघाचा कोट इस्त्री करून घातलेला, बरोबर स्वतःचा परवाना आणि बंदूक नेण्याची कागदपत्रं. ठाण्यात तिच्या परवान्यावर नोंद झाली. देणाऱ्याचं नाव सत्यभामा कचरू साळवे, नातं आत्या, मोबदला काही नाही. वर्षावास कधीच संपला होता. बंदूक मी दोन्ही हातांनी उचलली आणि तिच्या हातात दिली. केवढी जड!

करुणानं ती मधून उघडून नळ्यांतून उजेडाकडं बघितलं. "आत्या, मामांचं तेल अजून आहे गं आत." आणि खुर्चीवरच्या सर्जेरावांना फौजी सलाम ठोकला. ते गडबडून उभे राहिले आणि त्यांनी सलाम परत केला. अख्खं ठाणं बघत होतं, माझ्या भावाची पोर, ह्यांची चेली!

ती निघाल्यावर सर्जेराव माझ्याजवळ आले.

"मावशी, एक काम होतं. सांगायला संकोच वाटतो."

"बोला ना."

"तुमच्या मालकांसारखेच एक गार्ड होते, काकासाहेब. परवाना इथलाच. उन्हाळ्यात वारले. सुलेखाबाई, त्यांची बायको, फर्दापूरला एकटी राहते. बंदूक तिच्याकडंच असणार. आम्ही जीप घेऊन दारात गेलो की ती घाबरून कुठं पुरून टाकील, आणि मग मला काही करता येणार नाही. तुमचं ऐकेल."

मला माझं कुलूप लावलेलं कपाट आठवलं. "शब्द देते," म्हटलं. "उद्याच जाते."

सकाळी वंदना झाली. कोऱ्या कागदाचे दोन ताव आणि एक पेन पिशवीत टाकलं. अभय विचारत होता, सोबत येऊ का म्हणून. दोघं दिसलो तर ती दार उघडायची नाही, म्हणून नको म्हटलं. चपला घातल्या, दार हळूच ओढून घेतलं आणि फर्दापूरच्या गाडीसाठी निघाले.